आज तो खेळणार आहे का?

मंडळी, जत्रेतल्या कबड्डीच्या सामन्यांना तुम्ही कधी ना कधी गेला असाल. मैदानाभोवती माणसे दाटीवाटीने उभी असतात. पोरे झाडांवर चढून बसलेली असतात. सामना कोणाकोणाचा, हे विचारण्याच्या आधी एक प्रश्न हमखास कानांवर येतो : "आज तो खेळणार आहे का?" 'तो' म्हणजे कोण, हे कोणी सांगत नाही आणि कोणाला विचारावेही लागत नाही. उत्तर 'नाही' आले, की चेहरे पडतात. काही जण तर तिथूनच घराकडे वळतात.

हे झाले एका दिवसाचे. पण हाच प्रश्न एखाद्या मोठ्या शहराने रोज सकाळी उठून जवळजवळ दीड वर्ष विचारला तर? अमेरिकेतल्या शिकागो शहरात असे खरोखर घडले. खेळ होता बास्केटबॉलचा आणि खेळाडूचे नाव होते डेरिक रोझ. ही हकीकत आज सांगायची, ती परदेशातल्या एका खेळाडूची थोरवी गाण्यासाठी नव्हे. ज्याच्यावर आपण जीव लावला तो जायबंदी होऊन घरी बसला, म्हणजे पाहणाऱ्यांच्या मनाचे काय होते आणि पाहणाऱ्यांनी काय करावे, हे समजून घेण्यासाठी. तो प्रश्न शिकागोचा आहे तसा तुमच्या शाळेच्या पटांगणाचाही आहे.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द. बास्केटबॉल हा खेळ 1891 साली जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने अमेरिकेत, स्प्रिंगफील्ड गावी, विद्यार्थ्यांसाठी काढला. एका बाजूचे पाच गडी एका वेळी मैदानात असतात. जमिनीपासून दहा फूट उंचीवर लोखंडी कडे असते, त्यात चेंडू टाकावयाचा. अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धेला एनबीए म्हणतात. तीत तीस संघ आहेत, प्रत्येक संघ एका हंगामात 82 साखळी सामने खेळतो आणि सामना 48 मिनिटांचा असतो. आपल्याकडची कॉलेजची मुले हे सामने हल्ली पहाटे उठून मोबाईलवर पाहतात, कारण आपली पहाट ती त्यांची रात्र.

आता पाहा, क्रिकेटमध्ये अकरा गडी, खोखोत नऊ, कबड्डीत सात. बास्केटबॉलमध्ये पाचच. शिवाय त्यातला पट्टीचा खेळाडू 48 पैकी 35 ते 40 मिनिटे मैदानात असतो आणि बहुतेक वेळा चेंडू त्याच्याच हाती असतो. म्हणून या खेळात एक माणूस गळाला म्हणजे पाचवा हिस्सा गेला असा हिशेब करून चालत नाही. सगळी घडीच विस्कटते.

डेरिक रोझ हा शिकागोचाच मुलगा. शहराच्या दक्षिण भागातल्या इंगलवूड या गरिबीने आणि गुन्हेगारीने गांजलेल्या वस्तीत तो वाढला. एनबीएत नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिला क्रमांक कोणाला मिळावा, हे सोडतीने ठरते. दुबळ्या संघांना त्या सोडतीत जास्त संधी ठेवलेली असते. 2008 साली शिकागो बुल्स या संघाला पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता शेकडा दोनसुद्धा नव्हती, तरी सोडत त्यांच्या नावाने निघाली आणि त्यांनी आपल्याच शहरातला हा मुलगा घेतला. 2011 साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, तो एनबीएतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. इतक्या लहान वयात तो मान त्याआधी कोणालाच मिळाला नव्हता. त्या हंगामात बुल्सने 82 पैकी 62 सामने जिंकले. मायकेल जॉर्डन या खेळाडूच्या काळात, 1991 ते 1998 या वर्षांत, शिकागोने सहा विजेतेपदे मिळवली होती. त्यानंतर तेरा वर्षे तिथले लोक वाट पाहत होते. आता आपल्याच गल्लीतला पोरगा ते दिवस परत आणणार, असे त्यांना वाटू लागले.

मग 28 एप्रिल 2012 हा दिवस उजाडला. बाद फेरीचा पहिला सामना, घरचे मैदान, समोर फिलाडेल्फियाचा संघ. दीड मिनिटापेक्षा कमी वेळ उरला होता आणि बुल्स बारा गुणांनी पुढे होते. रोझ चेंडू घेऊन आत घुसला, दोन्ही पायांवर थांबला, उडी मारली आणि गुडघा धरून खाली कोसळला. कोणी धक्का दिला नव्हता, कोणी पाय घातला नव्हता. त्याच्या डाव्या गुडघ्यातला अस्थिबंध, ज्याला डॉक्टर एसीएल म्हणतात, तो तुटला होता. सामना बुल्सने जिंकला. पण पुढे ती फेरी ते हरले.

त्या दिवसापासून शिकागोत दोन दिनदर्शिका सुरू झाल्या, असे म्हटले तरी चालेल. एक चाहत्यांची आणि दुसरी गुडघ्याची. या दोहोंचा मेळ बसला नाही, त्यातून पुढचे सारे घडले. म्हणून आधी गुडघ्याची दिनदर्शिका कशी असते ते पाहू.

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांच्यामध्ये, सांध्याच्या अगदी आत, हा अस्थिबंध दोरीसारखा तिरका बांधलेला असतो. नडगीचे हाड पुढे सरकू नये आणि गुडघा पिळवटू नये, हे त्याचे काम. धावता धावता एकदम थांबणे, वळणे, उडी मारून खाली येणे, या क्रियांत त्यावर मोठा ताण पडतो. हाड मोडले तर ते बहुधा सांधते, कारण हाडाला रक्ताचा पुरवठा चांगला असतो. मोडलेल्या जागी रक्त साकळते आणि त्यावर नवे हाड धरते. एसीएलचे तसे नाही. तो सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवात असतो. तिथे रक्ताची गाठ टिकत नाही, आणि पूर्ण तुटलेली टोके सहसा आपोआप जुळत नाहीत. म्हणून डॉक्टर त्याच रोग्याच्या गुडघ्याच्या वाटीखालच्या किंवा मांडीमागच्या चिवट बंधाची पट्टी काढतात आणि हाडांना भोके पाडून ती आत बसवतात.

शेतकरी मंडळींना हे लगेच समजेल. हे कलमच आहे. खुंटावर कलमकाडी बांधली म्हणजे दुसऱ्या दिवशी आंबे लागत नाहीत. काडीने जीव धरावा लागतो. गुडघ्यातल्या कलमाचेही तसेच. आत बसवलेल्या पट्टीचा रक्तपुरवठा प्रथम तुटलेला असतो. तिच्यातल्या पेशी मरतात, मग हळूहळू नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात आणि पट्टी पुन्हा जिवंत होऊ लागते. यातली फसवी गोष्ट अशी, की मधल्या काही आठवड्यांत ते कलम सर्वांत कच्चे असते, आणि नेमके त्याच सुमारास दुखणे थांबलेले असते, सूज उतरलेली असते, रोगी चालायला लागलेला असतो. बाहेरून बरा, आतून कच्चा! खेळात परतायला नऊ महिने ते वर्ष लागते ते यासाठी. नऊ महिन्यांच्या आत परतणाऱ्यांना पुन्हा दुखापत होण्याचा धोका बराच जास्त असतो, असे अलीकडच्या अभ्यासांतून दिसले आहे. आणि गुडघा बरा झाला तरी मनातली भीती जायला कधी कधी त्याहूनही वेळ लागतो.

आता चाहत्यांची दिनदर्शिका. रॉबर्ट चाल्डीनी नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1976 साली एक मौजेची गोष्ट दाखवून दिली. विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला, की सोमवारी विद्यापीठाचे नाव असलेले कपडे घालून येणारे विद्यार्थी वाढत. जिंकल्यावर त्यांच्या बोलण्यात 'आपण जिंकलो' असे येई, आणि हरल्यावर 'ते हरले'. आपल्या गावीही असेच नाही का? ज्याच्या पराक्रमात आपण असा वाटा घेतो तो जायबंदी झाला, म्हणजे आपल्याकडचेच काही तरी गेले असे वाटते. मग गेलेली वस्तू परत कधी मिळणार, अशी विचारणा सुरू होते.

शिकागोच्या चाहत्यांनी ते दिवस कसे काढले? काही जण 'जर-तर' करीत बसले. बारा गुणांनी पुढे असताना प्रशिक्षक टॉम थिबोडो यांनी त्याला मैदानात ठेवलेच का, हा वाद पुढे वर्षानुवर्षे चालला. त्याच हंगामात किरकोळ दुखापतींमुळे त्याचे 27 सामने आधीच हुकले होते, तेही लोकांनी उकरून काढले. काही जण तारखा मोजू लागले. बूट विकणाऱ्या कंपनीने त्याच्या पुनरागमनाच्याच जाहिराती काढल्या, तेव्हा त्या मोजणीला आणखी जोर चढला. मग 2013 च्या मार्चमध्ये बातमी आली, की डॉक्टरांनी त्याला खेळण्याची परवानगी दिली आहे. रोझ मात्र म्हणत होता, की गुडघ्यावर पुरता भरवसा वाटल्याशिवाय उतरणार नाही. इथे कौतुकाचे रूप पालटले. काल जीव लावणारी माणसे आज विचारू लागली, "तो घाबरला काय? पैसे घेतो, मग खेळत का नाही?"

या रागामागे एक जुनी आठवण होती. 1985 च्या ऑक्टोबरमध्ये, हंगामाच्या तिसऱ्याच सामन्यात, जॉर्डनच्या पायाचे हाड मोडले होते. 64 सामने हुकल्यावर, संघाचे मालक धास्तावलेले असताना, तो हट्टाने परत उतरला आणि 20 एप्रिल 1986 रोजी बॉस्टनविरुद्ध त्याने एकट्याने 63 गुण केले. सामना गेला, पण 'खरा वीर असा असतो' हे शिकागोच्या मनावर कोरले गेले. लोक एक गोष्ट विसरले. जॉर्डनचे हाड मोडले होते, रोझचा अस्थिबंध तुटला होता. सांधलेले हाड आणि नुकते जीव धरलेले कलम यांना एकच फूटपट्टी लावता येत नाही.

पण त्याच शिकागोत आणखी एक गोष्ट घडत होती, आणि तीच मला मोलाची वाटते. संघ खेळतच होता. रोझविना बुल्सने त्या हंगामात 45 सामने जिंकले, 37 हरले. मायामीचा संघ सलग 27 सामने जिंकून आला होता. 27 मार्च 2013 रोजी त्याची ती घोडदौड याच रोझविना खेळणाऱ्या संघाने आपल्या मैदानात रोखली. बाद फेरीत ब्रुकलिनविरुद्ध नेट रॉबिन्सन नावाचा जेमतेम पावणेसहा फुटांचा गडी पुढे आला. बास्केटबॉलच्या जगात ही उंची म्हणजे ठेंगणीच. शेवटची चार मिनिटे उरली असताना संघ 14 गुणांनी मागे होता. रॉबिन्सनने एकट्या चौथ्या सत्रात 23 गुण केले, तीनदा जादा वेळ खेळवावा लागला आणि बुल्सने सामना 142–134 असा जिंकला. सातव्या, निर्णायक सामन्यात तर लुओल डेंग आजारी, दुसरा अनुभवी गडी पोटरीने अधू, आणि जोकिम नोआच्या टाचेत पाऊल टाकवेना अशी कळ. त्याच नोआने 24 गुण केले आणि संघ ब्रुकलिनच्या मैदानात जिंकला. पुढच्या फेरीत मायामीने त्यांना हरवले, हे खरे. पण त्या वर्षी एनबीएत सर्वाधिक प्रेक्षक शिकागोच्याच सामन्यांना आले.

म्हणजे त्याच शहरात दोन तऱ्हेची माणसे होती. एक जण मैदानाच्या कडेला कोट घालून बसलेल्या रोझकडे पाहून चिडत होता. दुसरा समोर लंगडत खेळणाऱ्या नोआसाठी उभा राहून टाळ्या वाजवत होता. तिकीट दोघांनी सारखेच काढले होते. खेळ मात्र दुसऱ्यानेच पाहिला.

रोझ 2013 च्या ऑक्टोबरमध्ये परतला. 31 ऑक्टोबरला घरच्या मैदानावर, न्यूयॉर्कविरुद्ध, अखेरच्या सहा सेकंदांत त्यानेच चेंडू टाकून 82–81 असा सामना जिंकून दिला. शहर वेडे झाले. आणि तीन आठवड्यांनी, 22 नोव्हेंबरला पोर्टलंड येथे, त्याच्या उजव्या गुडघ्यातली गादीसारखी कूर्चा फाटली. पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा हंगाम संपला.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. रोझ दीड वर्ष थांबला म्हणून तो वाचला, असे म्हणायची सोय नाही. थांबूनही त्याला दुखापत झाली. पाय दुसरा, इजाही दुसरी. 2015 साली उजव्या गुडघ्यावर आणखी एकदा शस्त्रक्रिया झाली. थांबल्याने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. तेव्हा 'आम्ही इतके दिवस वाट पाहिली, आता तू आम्हाला पूर्वीसारखा खेळून दाखवायचेच' हा सौदा मुळातच खोटा. वाट पाहणे ही काही सावकारी नव्हे, व्याजासकट वसूल करायला.

2016 साली बुल्सने त्याला दुसऱ्या संघाकडे धाडले. पुढे तो संघामागून संघ बदलत राहिला. मग 31 ऑक्टोबर 2018 रोजी, त्या न्यूयॉर्कविरुद्धच्या सामन्यानंतर बरोबर पाच वर्षांनी, मिनेसोटा संघाकडून त्याने एका सामन्यात 50 गुण केले. आयुष्यातले त्याचे ते सर्वाधिक गुण. सामना संपल्यावर तो मैदानातच रडला. 2024 साली त्याने निवृत्ती घेतली. 2025 च्या जानेवारीत शिकागोने त्याचा सत्कार केला, आणि त्याचा एक क्रमांकाचा गणवेश यापुढे कोणाला दिला जाणार नाही, असे बुल्सने जाहीर केले. विजेतेपद त्याने शिकागोला कधीच मिळवून दिले नाही, तरी लोकांनी त्याला पुन्हा आपला म्हटले. पण त्याआधी मधली कितीतरी वर्षे लोकांची कटू बोलणी त्याला ऐकावी लागली होती.

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो, म्हणजे हा विषय मी का घेतला ते कळेल. काही वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजात एक विद्यार्थी होता. चढाईत त्याचा हात धरणारा तालुक्यात नव्हता. एका सामन्यात वळताना त्याच्या गुडघ्यात कट्ट असा आवाज झाला. शस्त्रक्रिया झाली. पाचव्या महिन्यात त्याच्या गावची जत्रा आली. आदल्या संध्याकाळी तो मला भेटला, म्हणाला, "सर, गाव म्हणतंय खेळ. काय करू?" मी मास्तर माणूस. मी म्हणालो, "चालतोस तर ठीक. बघ, एकच डाव खेळ." दुसऱ्या दिवशी कडेला उभा राहून टाळ्याही वाजवल्या. दुसऱ्या चढाईत तो खाली बसला, तो पुन्हा कबड्डीत उठलाच नाही. आज त्याचे चांगले चालले आहे. पण विहिरीच्या पायऱ्या उतरताना तो हाताने कठडा धरतो, ते मला पाहवत नाही. त्याला मैदानात ढकलणाऱ्यांत त्याचा वैरी एकही नव्हता. सगळे चाहतेच होते.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना चार गोष्टी सुचवतो. खेळताना गुडघ्यात आवाज झाला, काही तासांत सूज आली आणि पुढे पाऊल टाकताना गुडघा दगा देऊ लागला, तर चोळूमोळू नका. हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवा. उडीनंतर गुडघे वाकवून, ते आत न झुकू देता, हलकेच उतरण्याचा सराव मुलांकडून रोज दहा-पंधरा मिनिटे करून घ्या. अशा व्यायामाने या दुखापती कमी होतात, हे सिद्ध झालेले आहे. बसलेल्या खेळाडूला घरी बसू देऊ नका. त्याला गुण लिहायला द्या, लहान गटाला शिकवायला लावा, म्हणजे तो संघातला राहील. आणि चौथी गोष्ट, त्याच्या जागी जो उतरला आहे त्याचे नाव मोठ्याने घ्या. कदाचित तुमचा रॉबिन्सन तोच असेल.

आणि आपण पाहणाऱ्यांनी? आपण एवढेच करावे. तो रस्त्यात भेटला, की जिभेवर एक प्रश्न आपसूक येतो : "काय रे, कधी खेळणार?" तो गिळून टाकावा. त्याऐवजी विचारावे, "काय रे, गुडघा कसा आहे?" तो खरे उत्तर देईल. ते ऐकून घ्यावे, आणि मग दोघांनी मिळून सामना पाहायला जावे.